वैद्यक सोडावे की पुरे करावे?

(वैद्यकीय शाखेत शिकणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



या मेळाव्याचे निमंत्रण आले तेव्हा मी संयोजकांना पहिला प्रश्न विचारला, की मीच का? मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेला मनुष्य. गेली तीस वर्षे वर्तमानपत्रात लिहितो आहे. वैद्यकाशी माझा संबंध काय तो रुग्ण म्हणून, आणि तोही जमेल तितका टाळलेला. संयोजक म्हणाले, "पहिल्या वर्षाचे निकाल लागले आहेत. काही मुले अनुत्तीर्ण झाली आहेत, काही काठावर आहेत, दोघे-तिघे शिक्षण सोडण्याच्या विचारात आहेत. आपण चार प्रोत्साहनपर शब्द सांगावेत." प्रोत्साहनपर शब्द सांगण्याचा उद्योग मी आमच्या घरात एकदा करून पाहिला आहे. त्याचे पुढे काय झाले, तेच आज आपल्यासमोर ठेवावे असे ठरवून आलो आहे. ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांची अनुमती घेतली आहे. नावे मात्र सांगणार नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. मराठवाड्यातील तालुक्याचे गाव, मराठी माध्यमाची शाळा, वडील शिक्षक, घराण्यात आजवर कोणी डॉक्टर नाही. दहावीला उत्तम गुण मिळाले आणि त्या दिवसापासून गावाने त्याला 'डॉक्टर' म्हणायला सुरुवात केली. दोन वर्षे तो लातूरला खोली घेऊन राहिला. पहिल्या खेपेला 'नीट'मध्ये थोडक्यात हुकले. आणखी एक वर्ष दिले, आणि शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळाला. पेढे वाटले गेले. गणेशोत्सव मंडळाने सत्कार केला, शाळेने केला, आपल्या परिवारातील मंडळींनीही शाल-श्रीफळ दिले. मी आमच्या वर्तमानपत्रात छायाचित्रासह दोन परिच्छेद छापले. 'जिद्दीच्या जोरावर' असे शब्द त्यात होते. ते शब्द आम्ही अशा प्रत्येक बातमीत घालतो. पत्रकारितेत काही वाक्ये आधीपासून जुळवून ठेवलेली असतात.

वर्षभराने निकाल लागला. शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र या दोन विषयांत अनुत्तीर्ण, जीवरसायनशास्त्रात काठावर उत्तीर्ण. मुलगा सामान बांधून घरी आला आणि म्हणाला, "मला हे सोडायचे आहे." बहिणीचा मला दूरध्वनी आला. "दादा, तू ये. तुझे तो ऐकतो."

मी गेलो. रात्री जेवणे झाल्यावर त्याला गच्चीवर घेऊन बसलो आणि पाऊण तास बोललो. डॉक्टर हेडगेवारांचे उदाहरण दिले. १९१० साली नागपूरचा एक तरुण कलकत्त्याला जातो, परका प्रांत, परकी भाषा, घरचा आधार नाही, शिवाय क्रांतिकार्याची जोखीम शिरावर, आणि तरी नॅशनल मेडिकल कॉलेजचा अभ्यासक्रम पुरा करून परततो. मग तुला काय कमी आहे, असा माझ्या बोलण्याचा रोख होता. तो मान खाली घालून ऐकत राहिला. माझे संपल्यावर इतकेच म्हणाला, "मामा, डॉक्टरांनी पदवी घेतली, पण दवाखाना उघडला नाही. मग तुम्ही मला नक्की काय सांगताय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. आपण बोलणारी मंडळी महापुरुषांची चरित्रे फार सैलपणे वापरतो. डॉक्टरांनी वैद्यकाचे शिक्षण पुरे केले आणि १९२५ च्या विजयादशमीला ज्या कार्याचा आरंभ केला, त्यात त्या पदवीचा उपजीविकेसाठी काहीच उपयोग केला नाही. श्रीगुरुजी काशी हिंदू विश्वविद्यालयातून प्राणिशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाले, पुढील संशोधनासाठी मद्रासला गेले आणि घरची आर्थिक स्थिती बदलल्यामुळे ते संशोधन अपुरे ठेवून परतले. ज्याला 'पुरे कर' म्हणायचे आहे त्याने पहिले चरित्र सांगावे, ज्याला 'सोड' म्हणायचे आहे त्याने दुसरे सांगावे, इतके ते सोपे झाले आहे. या दोघांनी गुणपत्रिकेकडे पाहून काही ठरवले नव्हते. आपल्याला काय करायचे आहे, हे त्यांना ठाऊक होते किंवा ते शोधण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. माझ्या भाच्याला त्या रात्री ते ठाऊक नव्हते, आणि मी त्याला विचारलेही नव्हते.

सकाळी मी माझ्या एका वैद्य मित्राला दूरध्वनी केला. हा गृहस्थ मोठा मार्मिक आहे. तो म्हणाला, "तू भाषण दिलेस ते दिलेस. आता चरकसंहितेतील विमानस्थानाचा आठवा अध्याय वाच, आणि मग त्याच्याशी बोल." मी तो अध्याय भाषांतराच्या आधाराने वाचला. आपल्यापैकी जे आयुर्वेदाचे जाणकार आहेत त्यांनी चुकले तर सांभाळून घ्यावे. चरकाचार्य तेथे म्हणतात, की ज्याला वैद्य व्हायचे आहे अशा बुद्धिमान माणसाने आधी स्वतः हाती घेणार असलेल्या कार्याचे लहान-मोठेपण, त्याचे फळ, त्याचे दूरचे परिणाम, देश आणि काल यांचा विचार करावा. मग कोणते शास्त्र शिकायचे त्याची परीक्षा करावी. मग आचार्याची परीक्षा करावी. आचार्याने शिष्याची परीक्षा करण्याचा विषय येतो तो यानंतर.

हा क्रम वाचून मी थांबलो. आपण तो पूर्ण उलटा केला आहे. २०२४ साली 'नीट'ला देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या अधिक. एवढ्या गर्दीत मुलगा उभा राहिला की शास्त्राने त्याची परीक्षा घ्यायची. त्याने शास्त्राची परीक्षा घ्यावी, असे म्हणायला कोणाला सवड नसते. पंधराव्या वर्षी घरातील मोठी माणसे ठरवतात, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी प्रवेश मिळतो, आणि 'हे मला करायचे आहे का' हा प्रश्न त्याच्या आयुष्यात प्रथम उभा राहतो तो नापास झाल्याच्या दिवशी. सर्वांत वाईट दिवशी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न! मग त्या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेतून शोधले जाते, आणि गुणपत्रिकेत ते नसते.

आता भाच्याकडे येतो. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही शरीररचनाशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी कसलाही उपदेश केला नाही. कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "ब्रेकियल प्लेक्सस लिही. आकृती काढ. वीस मिनिटे." मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे ते जाळे, पहिल्या वर्षाच्या मुलाला ते यावेच लागते. वीस मिनिटांनी कागदावर चार ओळी आणि एक अर्धी आकृती होती. सरांनी मग तोंडी विचारायला सुरुवात केली, मराठीतून. पोराला सगळे येत होते! कोणती शाखा कोठून निघते, ती दुखावली तर हाताचे काय होते, मनगट कसे लोंबते, सर्व काही. सर हसले आणि मला म्हणाले, "तुमच्या भाच्याला विषय येतो. त्याला लिहिता येत नाही."

या एका वाक्याने आमच्या घरावरचा अर्धा भार उतरला. 'नीट'मध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, आणि त्यांत एकही वाक्य लिहायचे नसते. चार पर्यायांतील एक निवडायचा असतो. हा मुलगा तीन वर्षे अहोरात्र पर्याय निवडत होता. त्या काळात त्याने स्वतःचा असा एक परिच्छेद लिहिलेला नव्हता. आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी त्याच्यापुढे आले काय, तर इंग्रजीतून दीर्घोत्तरे, आकृत्या, प्रात्यक्षिक, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोरची तोंडी परीक्षा. तेथे हातात एक हाड देतात आणि विचारतात, हे उजवे की डावे, कशावरून? कुठलाही पर्याय समोर नसतो. बोलावे लागते, तेही इंग्रजीत. मराठी शाळेतील पोर उत्तर येत असून गप्प उभे राहते आणि परीक्षक समजतो, याला काही येत नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या तीनही विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा आपल्याकडील इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याची भरपूर थट्टा केली. त्या थट्टेखोरांनी एकदा आमच्या भाच्यासारख्या मुलाची तोंडी परीक्षा पाहावी. स्वभाषेतून वैद्यक हा भावनेचा प्रश्न तर आहेच, पण किती शहाणी मुले केवळ वाक्यावाचून अडून बसतात, त्याचाही आहे. अर्थात ही व्यवस्था उभी राहील तेव्हा राहील; आपल्या घरातील मुलाची परीक्षा काही आठवड्यांवर आलेली असते. सरांनी त्याला रोज एक प्रश्न वेळ लावून लिहायला सांगितला, आणि संध्याकाळी मित्राला समोर बसवून इंग्रजीत मोठ्याने उत्तर द्यायला सांगितले. आपल्या सुश्रुताचार्यांनी शिष्यांना कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांच्यावर छेदनाचा सराव करायला सांगितला आहे. ग्रंथ पाठ असला तरी हाताला सवय नसेल तर तो शिष्य कर्माला योग्य नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. ज्ञान आणि हातोटी या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे आपल्याकडे फार पूर्वीच ओळखलेले होते.

म्हणून ज्यांचे निकाल वाईट लागले आहेत त्यांना माझी पहिली विनंती अशी, की 'मला जमत नाही' म्हणण्यापूर्वी नक्की काय जमत नाही ते एखाद्या जाणत्या शिक्षकासमोर बसून तपासा. ते एकट्याने, रात्री वसतिगृहातील खाटेवर पडून तपासता येत नाही. आणि नियम माहीत करून घ्या, कारण अर्धी भीती नियम माहीत नसल्याची असते. पहिल्या वर्षात कोणी अनुत्तीर्ण झाला तर निकालानंतर काही आठवड्यांत पुरवणी परीक्षा होते. तीत उत्तीर्ण झाला तर तो आपल्याच तुकडीबरोबर पुढे जातो. तेथेही हुकले तर कनिष्ठ तुकडीत बसावे लागते. हे मुलांना फार लागते, ते मी जाणतो. २०२३ च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षासाठी चार संधी आहेत आणि संपूर्ण अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांच्या आत पुरा करावा लागतो. पहिल्या वर्षाचे टक्के किती, याचा पदव्युत्तर प्रवेशाशी काही संबंध नाही. तेथे पुन्हा स्वतंत्र परीक्षाच आहे. पन्नास टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्याच्या दवाखान्याच्या पाटीवर टक्के लिहीत नाहीत. परंतु चार संधी आहेत म्हणजे चारही वापरायच्या असेही नव्हे. प्रामाणिकपणे, उणीव ओळखून, पद्धत बदलून दोनदा प्रयत्न केला आणि तरी हाती काही लागले नाही, तर घरच्यांनी आपण होऊन विषय काढावा, मुलाला काढायला लावू नये. हे माझे मत आहे. आपले निराळे असू शकेल.

येथपर्यंतची कथा सोपी आहे. मुलाला यायचे होते, वाट सापडत नव्हती, ती सापडली. दुसरी कथा अवघड आहे आणि ती सांगण्यासाठीच मी मुख्यतः आलो आहे.

भाच्याच्याच तुकडीत एक मुलगी होती. तिचे वडील माझ्या परिचयाचे, आपल्या परिवारातील जुने कार्यकर्ते. कुटुंबप्रबोधनावर त्यांनी जिल्हाभर भाषणे दिली आहेत. मुलगी बारावीपर्यंत सतत पहिली. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी तिला छप्पन्न टक्के मिळाले. सर्व विषयांत उत्तीर्ण, पण घरात सुतक. वडिलांनी खासगी शिकवणी लावली, मोबाइल काढून घेतला, 'लक्ष कोठे आहे' म्हणून चौकशी केली. दुसऱ्या वर्षीही टक्के तेवढेच. घराने सारा वेळ एकच प्रश्न विचारला, टक्के का वाढत नाहीत? मुलीचा प्रश्न निराळाच होता. दुसऱ्या वर्षी वॉर्डात जाणे सुरू झाले आणि तिला कळले, की आजारी माणसासमोर उभे राहिले की आपल्याला तेथून निघून जावेसे वाटते. किळस नव्हे, भीतीही नव्हे. "काका, मला त्यांच्याविषयी काहीच वाटत नाही, आणि मला काही वाटत नाही याची मला लाज वाटते," असे ती मला म्हणाली. तिचे मन आकड्यांत रमत असे. सामाजिक वैद्यकातील संख्याशास्त्राची तेवढी प्रकरणे ती आवडीने वाचायची.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली आणि तिने वैद्यक सोडले. तिच्या गुणांकडे पाहून कोणीही म्हणाले असते, अगं, तू तर उत्तीर्ण झालीस! वडील सहा महिने तिच्याशी बोलले नाहीत. ज्या माणसाने शेकडो घरांत जाऊन 'मुलांशी संवाद ठेवा' म्हणून सांगितले, त्याच्या स्वतःच्या घरात ताटे वाढली जात आणि मुलीचे ताट तिच्या खोलीत जाई. मी त्यांना विचारले, की मी हे मेळाव्यात सांगू का? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगा. सहा महिन्यांचेही सांगा."

माझ्या भाच्याने अनुत्तीर्ण होऊन वैद्यक सोडले नाही आणि या मुलीने उत्तीर्ण होऊन सोडले. दोघांचेही निर्णय मला योग्य वाटतात. आपल्याकडे स्वधर्म हा शब्द फार सहज उच्चारला जातो, आणि बहुधा मुलाला गप्प बसवण्यासाठी उच्चारला जातो. वडिलांनी निवडला तो स्वधर्म, अशी काही व्याख्या गीतेत नाही. उलट परक्याचे चांगले दिसणारे काम करण्यापेक्षा आपले उणे दिसणारे काम बरे, असाच भगवंतांचा अभिप्राय आहे. आणि येथे रुग्णाचाही विचार केला पाहिजे, जो या सगळ्या चर्चेत कोठेच नसतो. छप्पन्न टक्क्यांचा पण रुग्णाकडे लक्ष देणारा डॉक्टर मला चालेल. ज्याचे मन खाटेपाशी थांबतच नाही, असा सुवर्णपदक विजेता माझ्या आईला तपासायला नको.

मात्र या मुलीकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिने वॉर्ड पाहिल्यावर निर्णय घेतला. पहिले वर्ष बहुतांशी पुस्तके, हाडे आणि डिसेक्शन हॉल यांत जाते. आजारी माणूस खऱ्या अर्थाने भेटतो तो नंतर. पहिल्या वर्षाच्या निकालावर 'मला डॉक्टर व्हायचे नाही' म्हणणाऱ्या मुलांना मी एवढेच सुचवीन, की शक्य असेल तर रुग्णालयात एखाद्या सेवाभावी डॉक्टरांच्या मागे आठ-पंधरा दिवस नुसते उभे राहा. आपल्या कार्यकर्त्यांनी लातूरला विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून चालवले आहे, संभाजीनगरला डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून उभे आहे. अशा ठिकाणी परवानगी घेऊन जावे, काय चालते ते पाहावे. पाहून झाल्यावर नको वाटले, तर ते नको वाटणे खरे असते.

यात एक अपवाद आहे, आणि येथे मी आवाज थोडा चढवणार आहे. मूल आजारी असेल तर 'राहायचे की सोडायचे' हा प्रश्नच तूर्त बाजूला ठेवा. झोप नाही, जेवण नाही, अंघोळ नाही, मित्रांशी बोलणे नाही, 'माझा काही उपयोग नाही' अशी वाक्ये. हा आळस नव्हे, हा आजार असू शकतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कृतिदल नेमले होते. त्याचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्या पाहणीत एमबीबीएसच्या सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. त्याआधीच्या पाच वर्षांत शंभराहून अधिक वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. ही कोणाची तरी मुले होती, त्यांचेही सत्कार झालेले होते. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घरात देवघराशेजारी लिहून ठेवा म्हटले तरी मला संकोच वाटणार नाही.

आनंदीबाई जोशींचे चरित्र आपण मुलींना आवर्जून सांगतो, सांगावेच. अमेरिकेत जाऊन ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. पण त्या चरित्राचा उत्तरार्ध आपण झटकन उरकतो. तेथील थंडी, आहाराचे हाल, खालावत गेलेली प्रकृती, क्षय. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, पदवीनंतर वर्षही पुरे झाले नव्हते, वयाची बावीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा त्यांचे देहावसान झाले. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियुक्ती वाट पाहत राहिली. त्यांच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे. पण 'आनंदीबाईंनी सोसले, तू का सोसत नाहीस' असे जेव्हा एखादे घर आजारी मुलीला सांगते, तेव्हा ते त्या चरित्राचे शेवटचे पान फाडून सांगत असते.

ज्यांनी सोडायचे नक्की केले आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. रागाच्या भरात खोली रिकामी करून निघून येऊ नये. मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयात जमा असतात, प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेले बंधपत्र असते, जागा सोडल्याबद्दल दंड भरावा लागू शकतो. ते सारे कागद वडिलांनी मुलाबरोबर बसून वाचावेत. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेत आधी जाऊन यावे. आणि पुढे काय, याचे निदान ढोबळ उत्तर हाती असावे. त्या मुलीने संख्याशास्त्राच्या प्रवेशाची चौकशी करून, अर्ज भरून मगच घरी सांगितले. 'हे नको' आणि 'ते हवे' यांत फरक आहे. नुसते 'हे नको' घेऊन घरी आलेले मूल काही महिन्यांनी अधिक खचते. उलट, पदवी घेऊन मग बाहेर पडण्याचाही मार्ग आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. बेचाळिसाव्या वर्षी, १९६९ साली त्यांनी व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. त्यांच्या देवधर्माविषयीच्या मतांशी या सभागृहात कोणी सहमत होईल असे वाटत नाही, पण त्या निर्णयातील निर्भयता मान्य करावी लागते. मात्र मनाविरुद्ध साडेपाच वर्षे काढणे प्रत्येकाला झेपत नाही, म्हणून हा मार्ग मी सरसकट सुचवत नाही.

पालकांना काय सांगू? मी स्वतः त्या गच्चीवर चुकलेला मनुष्य आहे. माझ्या बहिणीने मात्र, जिचे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे, त्या दिवसांत जे केले ते मला सुचले नव्हते. मुलगा घरी आल्यावर चार दिवस तिने निकालाचा शब्द काढला नाही. वरण-भात, लिंबाचे लोणचे, दुपारी झोप. शेजारच्या वहिनी चौकशीला आल्या तेव्हा, "हो, दोन विषय राहिलेत," असे तिने दारातच, त्याला ऐकू जाईल असे, स्वच्छ सांगून टाकले. त्यानंतर त्याला कोणापासून काही लपवायचे राहिले नाही. आपल्या कुटुंबव्यवस्थेचे गुणगान आपण नेहमी करतो आणि ते योग्यच आहे. पण ती व्यवस्था पेढे वाटताना कसोटीला लागत नाही. मूल सामान बांधून अवेळी दारात उभे राहते, तेव्हा लागते. त्या वेळी काही घरांत पहिला प्रश्न येतो, "लोकांना काय सांगायचे?" या 'लोकां'मध्ये आम्ही वर्तमानपत्रवाले आहोत, सत्कार करणारी मंडळे आहेत, आपल्या शाखा-वस्त्यांतील बंधूही आहेत. आम्ही त्या मुलाला शाल दिली, तेव्हा तो नापास झाला तर त्याच्या घरी चहाला जाण्याचीही जबाबदारी आम्ही घेतली होती. माझ्या आठवणीप्रमाणे सत्कार करणाऱ्या पाच संस्थांपैकी एकही तेव्हा त्याच्याकडे फिरकली नाही. मी गेलो, तो भाषण द्यायला.

भाचा पुरवणी परीक्षेत दोन्ही विषयांत उत्तीर्ण झाला, फार मोठ्या गुणांनी नव्हे. आता तो तिसऱ्या वर्षात आहे. अजूनही मध्यम विद्यार्थीच आहे आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री अजूनही त्याचा दूरध्वनी येतो. ती मुलगी पुण्यात संख्याशास्त्र शिकते आहे. तेथेही तिला पहिल्या सत्रात जेमतेम साठ टक्के मिळाले. वडिलांनी या वेळी टक्के विचारले नाहीत असे ती सांगते. पण विचारायचे त्यांच्या ओठांवर आले होते, हे तिला दिसले.

माझी वेळ संपत आली आहे. चहापानानंतर बाजूच्या खोलीत दोन ज्येष्ठ डॉक्टर आणि एक समुपदेशक भगिनी बसणार आहेत. ज्या मुलांना बोलायचे आहे त्यांनी तेथे जावे, एकट्याने जावे. पालकांनी कृपया सोबत जाऊ नये, आणि ते बाहेर आल्यावर "काय बोललास" असेही विचारू नये. आपल्यासाठी चहा इकडे, सभागृहातच ठेवलेला आहे.